'रिपर्कशन्स' हा शब्द वाक्यात नेमका कसा वापरायचा? 'रिझल्ट'च्या जागी चालतो का?

नाही, सगळीकडे चालत नाही. परीक्षेत पास झालात तर तो रिझल्ट. रिपर्कशन्स म्हणजे एखाद्या गोष्टीचे मागाहून, लांबवर आणि बहुधा नकोसे उमटणारे परिणाम. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे: पडसाद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'उलटून आदळणे' असाच आहे, आणि ढोल-ताशासारख्या वाद्यांना म्हणतात तो 'पर्कशन' त्याच घरातला. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, हे चित्र डोक्यात ठेवा.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली. भाव पडला, हा सरळ परिणाम. त्याला 'इफेक्ट' पुरे. पण नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तिकडे बांगलादेशात कांदा कडाडला. ही सगळी रिपर्कशन्स. वाक्य असं होईल: 'द बॅन हॅड सीरियस रिपर्कशन्स फॉर फार्मर्स.'

शब्द बहुतेक वेळा अनेकवचनीच येतो, सोबत 'हॅव', आणि पुढे 'फॉर' किंवा 'ऑन'. उच्चारात जोर 'कश'वर. 'गुड रिपर्कशन्स' मात्र लिहू नका, कानाला खटकतं. मला स्वतःला हा शब्द पाठ करून कधीच जमला नाही. बातमी वाचताना 'पडसाद उमटले' दिसलं की तिथे तो बसवून बघायला लागलो, तेव्हा पक्का झाला. तुम्हीही आजच्या पेपरातली एक बातमी घेऊन बघा.