वेल्शमधून जीसीएसई : पालकाची शंका

प्रश्न : आम्ही वेल्समध्ये कार्डिफला राहतो. मुलगी पहिल्यापासून वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे आणि आता जीसीएसईची, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या, आपल्या दहावीसारख्या शालान्त परीक्षेची, तयारी करीत आहे. आम्हा दोघांनाही वेल्श येत नाही. गणित आणि विज्ञान वेल्शमधून दिल्यास इंग्लंडमधील प्रवेशाच्या वेळी ते दुय्यम मानले जाईल का? तिकडच्या भाच्याला ९ ते १ अशा श्रेणी मिळाल्या, इथे मात्र अक्षरे आहेत. हा फरक भाषेमुळे आहे का? शेवटची दोन वर्षे इंग्रजीकडे वळवावे, असे वाटते.
– एक पालक

उत्तर : दुय्यम मानले जाणार नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेले डब्ल्यूजेईसी हे वेल्सचे परीक्षा मंडळ आपल्या जीसीएसईच्या प्रश्नपत्रिका वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढते. अभ्यासक्रम आणि श्रेणी एकच असतात, आणि वेल्शमधील उत्तरे ती भाषा जाणणारे परीक्षक तपासतात. श्रेणींचा फरक भाषेचा नसून देशाचा आहे. इंग्लंडने २०१७ पासून अंक स्वीकारले, वेल्सने अक्षरे कायम ठेवली, त्यामुळे कार्डिफमध्ये इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्यालाही अक्षरेच मिळतात.

माध्यम बदलण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलीच्या डोक्यात कार्बन डायऑक्साइड 'कार्बन देइऑक्सिद' या नावाने बसला आहे, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर अशा शेकडो संज्ञा नव्याने पाठ करण्यात विषयाच्या अभ्यासाचाच वेळ जाईल. गणिताची धास्ती तर मुळीच नको. शाळेतील आधुनिक वेल्शमध्ये बेचाळीसला 'पेद्वार देग दाय', म्हणजे 'चार दहा दोन' म्हणतात. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता!) इंग्रजी मागे पडेल, हीही भीती नको, कारण वेल्श माध्यमातील मुले इंग्रजी भाषेची जीसीएसई स्वतंत्रपणे देतातच.

राहिला आपल्या मदतीचा प्रश्न. मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत उपलब्ध असतात. इंग्रजी प्रत आपण समोर ठेवावी, वेल्श प्रत तिला द्यावी आणि अडलेले गणित खुशाल मराठीत समजावून सांगावे. उत्तर तिने वेल्शमध्ये लिहावे.