पहिल्यांदाच नायट्रो रोलर कोस्टरात बसणार असशील तर
भावा, कोल्हापुरातनं रात्रीची गाडी धरून खोपोलीला इमॅजिका थीम पार्कला चाललायस ते झ्याक, पण सकाळी कट मारून मिसळ हाणून नायट्रोत बसू नकोस, 5 वेळा उलटं करतंय ते. पायाखाली फरशी नसते, स्टेशनातच ती खाली जाते नि पाय लोंबकळतात, तेव्हा कापशी चप्पल आधीच काढून ठेव, गेली तर गेली. मागची रांग पहिल्या दमात नको, पुढचे डबे उतरायला लागले की मागच्यांना टोकावरनं ओढूनच नेतात, पोट घशात येतंय लगा. मधली धर. डोकं सीटला टेकव, उतारावर डोळे मिटू नकोस, मी मिटलेले, त्यानंच जास्त गरगरलं. खालच्या वळणात अंग जड झालं की मांड्या आवळून धर, रक्त पायाकडं उतरतं म्हणून डोळ्यापुढं अंधारी येते.