धडगावकडच्या पाड्यावर रेंज नाही. टाकीचं पाणी संपत आल्याचा निरोप एसटीत छोटा बॉक्स ठेवून तालुक्याला पोचवता येईल का?

येईल, भाऊ. डिले-टॉलरंट नेटवर्क म्हणतात ते हेच, म्हणजे सलग जोडणी नसली तरी निरोप साठवत, उशिरा का होईना, पुढे पोचवणारं जाळं. वीसेक वर्षांपूर्वी कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरकडे 'डाकनेट'वाल्यांनी सरकारी बसवर वाय-फाय बसवून गावांची जमिनीच्या नोंदींची कामं अशीच केली होती.

पण बॉक्स घ्यायच्या आधी एक ठरवा: ही बातमी किती तास कामाची? 'टाकी रिकामी' हा निरोप दुसऱ्या दिवशी पोचला आणि तोवर टाकी भरलेली असली, तर टँकर फुकट घाट चढणार. म्हणून निरोपात टाकीवरच्या पाणी मोजणाऱ्या सेन्सरचा नंबर, अनुक्रमांक, घटनेची वेळ आणि मुदत हवीच. मुदत संपली की वाटेतल्या बॉक्सने तो टाकून द्यायचा आणि त्याच सेन्सरचा नवा निरोप आला की जुना रद्द. बंडल प्रोटोकॉल म्हणजे अशा जाळ्यात निरोप कसे बांधून पाठवायचे याचे नियम; त्याच्या 2022 च्या आवृत्तीत मुदत तर आहेच, शिवाय घड्याळाचा भरवसा नसलेल्या यंत्रासाठी निरोपाचं वय मोजत नेण्याचीही सोय आहे. स्वस्तातल्या बोर्डांना ती फार उपयोगी पडते.

गाडी फाट्यावर थांबते मिनिटभर. त्यात वाय-फाय जोडणीच्या भानगडीत पडू नका, ईएसपी-नाऊ वापरा, म्हणजे ईएसपी32 या स्वस्त वाय-फाय चिपवरून जोडणीशिवाय थेट निरोप पाठवायची पद्धत. त्याच्या जुन्या आवृत्तीतही एका वेळी 250 बाइट जातात, तुमचा निरोप तीस-चाळीसात बसेल. मात्र ईएसपी32 सतत ऐकत ठेवला तर बॅटरी बघता बघता उतरते. टाकीतलं पाणी खाली गेलं तरच आणि गाडीच्या वेळेच्या आसपासच त्याला जागं करा. (एसटीची वेळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, तास-दीड तास आगेमागे धराच.)

बसने निरोप घेतला म्हणून लगेच पुसू नका. गाडी घाटात बंद पडते, डेपोत बदलते. धडगावची पोच परतीच्या गाडीने येईपर्यंत प्रत जवळ ठेवा. बाजाराच्या दिवशी जीपा असतात, त्यांनाही एकेक प्रत द्या. एवढ्याशा निरोपाच्या चार प्रतींनी काही बिघडत नाही, धडगावला अनुक्रमांक बघून दुबार आलेल्या गाळता येतात.

साप चावला, बाळंतपण अडलं, असल्या निरोपांना ही वाट नको. त्यासाठी डोंगरमाथ्यावर लोरा रिपीटर बघा, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे निरोप पुढे ढकलणारा रेडिओ. 865 ते 868 मेगाहर्ट्झला कमी शक्तीच्या यंत्रांना आपल्याकडे परवाना लागत नाही. पण सातपुड्यात एका माथ्यावरून पाडा आणि धडगाव दोन्ही दिसतील असं गृहीत धरू नका, दोन टप्प्यांचा खर्च धरा. आणि एसटीत बॉक्स लावायला आगारप्रमुखांची लेखी परवानगी आधी काढा, ड्रायव्हरशी ओळख असली तरी.