साहेब म्हणतात, ‘लष्कर झालेलेच घे’

शालोम. तुमच्या पत्राचा सारांश वाचकांसाठी आधी देतो. इस्रायलच्या दक्षिणेत बेर्शेबाजवळच्या खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात तुम्ही शिफ्ट इन्चार्ज. प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची जागा निघाली, राहात या अरब बेदुइनांच्या शहरातल्या एका मुलीने अर्ज केला. रसायनशास्त्राची पदवी, जाहिरातीतल्या सगळ्या अटी पूर्ण. साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला, ‘लष्कर झालेलेच घे, राहातचं कुणी नको.’ तुम्ही तिला फोन करून ‘जागा भरली’ म्हणून कळवलंत. जाहिरात अजून तशीच झळकतेय. आता विचारताय, दोष कुणाचा, आणि तोंड उघडलं तर माझी नोकरी राहील का?

दोष मुख्यतः मालकाचा. 1988 चा समान रोजगार संधी कायदा सहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक मालकाला लागू आहे. धर्म, राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचं ठिकाण बघून उमेदवार नाकारता येत नाही. म्हणजे ‘राहातचं नको’ एवढे दोन शब्दच साहेबांना महाग पडू शकतात. राहात देशातल्या सर्वांत गरीब शहरांपैकी आहे. तिथल्या शिकलेल्या मुलीला वीसेक किलोमीटरवरची नोकरी अशी दारातूनच परत पाठवायची, आणि मग ‘यांच्या बायका कामच करत नाहीत’ असंही आपणच म्हणायचं.

‘लष्कर झालेलेच’, म्हणजे लष्करी सेवा केलेलेच, ही अट दिसायला साधी आहे. पण सक्तीची सेवा ज्यूंना आणि 1956 पासून द्रूझ या अरबी बोलणाऱ्या वेगळ्या धर्मपंथातल्या पुरुषांना. मुस्लिम आणि ख्रिस्ती अरबांना सक्तीचं बोलावणं येत नाही. काही बेदुइन आणि थोडे इतर आपणहून जातात, तेवढेच. नागरिकांपैकी साधारण पाचवा हिस्सा अरब आहे. त्यातले बहुतेक या एका ओळीने बाद होतात. बरण्यांमधलं आम्ल मोजायला बंदूक चालवता येणं कशाला लागतं? कामाच्या स्वरूपामुळेच अट गरजेची असेल तर कायदा ती चालवून घेतो, पण ते पटवायचं काम मालकाचं. 2009 मध्ये इस्रायल रेल्वेने फाटकांवरच्या निरीक्षकांसाठी हीच अट घातली होती. तेल अवीवच्या कामगार न्यायालयाने ती भेदभाव ठरवली.

तिने अटी पूर्ण केल्याचं दाखवलं की भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याचा बोजा कंपनीवर जातो. पैशाचं नुकसान दाखवता आलं नाही तरी न्यायालय भरपाई देऊ शकतं. दाव्याला तिच्याकडे तीन वर्षं आहेत.

आता तुमचं. तक्रारदाराला मदत केली म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देणं याच कायद्याने मना आहे. अर्थात मना आहे म्हणून साहेब गप्प बसतील असं नाही, म्हणून आधी कागद तयार करा. त्यांना सभ्य भाषेत ईमेल लिहा: ही अट कायद्यात बसत नाही, जागा रिकामी आहे, या उमेदवाराला मुलाखतीला बोलवायची परवानगी द्यावी. अर्ध्याहून जास्त प्रकरणं माझ्या अनुभवात इथेच मिटतात, कारण लेखी नकार द्यायला कुणाची छाती होत नाही. उत्तर नाहीच आलं, तर समान रोजगार संधी आयोगाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत. दावा पुढे गेला तर तुम्हाला साक्षीला बोलावतील. तो फोन तुम्हीच केला होता हे तिथे लपवू नका.

‘हे आपलं भांडण नाही’ असं तुमच्या सौ. म्हणतात. त्यांना 1964 ची आठवण करून द्या: आपल्या बेने इस्रायलांना, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या ज्यूंना, लग्नासाठी कुळाचे पुरावे मागितले जात होते, आणि आपण बरोबरीचे आहोत हे क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, जाहीर करावं लागलं, तेही आपल्या लोकांनी रस्त्यावर उतरल्यावर.

इतर उमेदवारांच्या फाइली घरी नेऊ नका, ते तुमच्यावरच उलटेल. साहेबांचा निरोप मात्र तुम्हालाच आलेला आहे, तो ठेवायला हरकत नाही. फोन कंपनीचा आहे असं लिहिलंय, तेव्हा आजच स्वतःच्या फोनवर उतरवून घ्या.