बॅकअप सर्व्हर जळाला, एस-थ्रीवरचे बॅकअप आता उघडतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यात परवाच्या गडगडाटात बॅकअपचं मशीन गेलं, आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) व ड्रॉइंगच्या फाईल ठेवलेला सर्व्हरही त्याच खोलीत असल्यामुळे सोबतच गेला. बॅकअप डुप्लिकाटी या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधून ॲमेझॉनच्या एस-थ्री या ऑनलाइन साठवणीत, मुंबई रीजनमधल्या (म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या) बकेटमध्ये, म्हणजे फाईल ठेवायच्या कप्प्यात, जात होते. हे सगळं बसवणारा मुलगा आता बोटीवर आहे. बकेटमध्ये हजारो फाईल दिसतात, पण कशात काय आहे कळत नाही.

उघडतील, फक्त पासफ्रेज (बॅकअपचं कुलूप उघडणारा लांब पासवर्ड) हवा. बाकी जे जे गेलंय ते परत उभं करता येतं. डुप्लिकाटी बॅकअपच्या मशीनवर एक डेटाबेस ठेवतो, कुठली फाईल कुठल्या तुकड्यांत आहे याची नोंद असलेला. तो गेला म्हणजे गोदाम शाबूत आणि कारकुनाची वही जळाली, एवढंच. आणि ती वही गोदामातल्या मालावरून परत लिहिता येते.

लोक इथे दोन किल्ल्यांची गल्लत करतात. ॲमेझॉनची ॲक्सेस की आणि सीक्रेट (सॉफ्टवेअरला बकेटमध्ये शिरायला लागणारी नाव-पासवर्डाची जोडी) हरवली तर काही बिघडत नाही. सीक्रेट एकदाच दाखवतात, जुनी परत बघता येत नाही, पण खात्यात शिरून नवी काढता येते. पासफ्रेजचं तसं नाही. फाईलच्या नावाच्या शेवटी .एईएस आहे, म्हणजे त्या ॲमेझॉनकडे पोहोचण्याआधीच तुमच्या मशीनवर कुलूपबंद झाल्यात. तो पासफ्रेज ॲमेझॉनकडे नाही, डुप्लिकाटी बनवणाऱ्यांकडेही नाही.

म्हणून आज आधी त्या मुलाला व्हॉट्सॲप करा. बोटीवर नेट कधी लागेल याचा नेम नसतो, तेव्हा एकाच मेसेजात सगळं विचारा: पासफ्रेज, ॲमेझॉन खात्याचा ईमेल, ओटीपी कुठल्या नंबरवर येतो, आणि जॉबची (डुप्लिकाटीत लावून ठेवलेल्या बॅकअपच्या कामाची) सेटिंग एक्स्पोर्ट करून कुठे ठेवली होती का. ती एक्स्पोर्ट केलेली फाईल कुणाच्या तरी मेलमध्ये सापडते, तीही शोधा. जळालेल्या मशीनची डिस्कही टाकू नका. विजेत पुष्कळदा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि बोर्ड उडतं, डिस्क जिवंत असते. दुसऱ्या मशीनला लावून बघा, उघडली तर डुप्लिकाटीची सर्व्हर डेटाबेस फाईल कॉपी करून घ्या. जॉबची सेटिंग तिच्यातच असते, आणि पासफ्रेज सेव्ह केलेला असेल तर तोही. (आपल्याकडे चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग धड लागत नाही, त्यात ही दोन मशीनं एका खोलीत. असो.)

हे होईपर्यंत बकेटला हात लावू नका. मला भीती वाटते ती वीजेपेक्षा घाईची. कुणीतरी नवं मशीन आणतो, जुनी इमेज (जुन्या मशीनची पूर्वी घेतलेली अख्खी नक्कल) चढवतो आणि डुप्लिकाटीतलं डेटाबेस दुरुस्तीचं ‘रिपेअर’ दाबतो. इमेजमधला डेटाबेस सहा महिने जुना असेल, तर डुप्लिकाटीच्या जुन्या आवृत्त्या त्यानंतरच्या फाईल अनोळखी समजून बकेटमधून पुसून टाकत. त्यापेक्षा बकेटचं व्हर्जनिंग (फाईलच्या जुन्या प्रती राखून ठेवणारी सोय) आधी चालू करा, म्हणजे यापुढे काही चुकून पुसलं तरी मागे येतं. मग फक्त यादी बघण्याची आणि वाचण्याची परवानगी असलेला नवा आयएएम युजर (ॲमेझॉन खात्यातला मर्यादित अधिकारांचा उपवापरकर्ता) काढा आणि पुढचं काम त्याच्याच कीने करा.

आता बकेटमधली नावं नीट बघा. फाईल तीन जातीच्या असतात: डीलिस्ट, डीइंडेक्स, डीब्लॉक. खरा डेटा डीब्लॉकमध्ये. कुठल्या डीब्लॉकमध्ये कुठले तुकडे आहेत याची सूची डीइंडेक्समध्ये. डीलिस्ट म्हणजे त्या त्या दिवशीच्या बॅकअपची यादी, आणि तिच्या नावातच तारीख-वेळ असते. ती वेळ मात्र आपली नव्हे, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. रात्री दहाचा जॉब १६३००० असा दिसतो, त्यात साडेपाच तास मिळवायचे. शेवटची डीलिस्ट कधीची आहे एवढ्यावरून तुमचं नेमकं किती दिवसांचं काम गेलं ते पासफ्रेज नसतानाही कळतं. मालकांना सांगायला हा आकडा आधी लागतो.

स्टोरेज क्लासचा रकानाही तिथेच बघा. खर्च वाचवायला कुणी लाइफसायकल नियम (जुन्या फाईल आपोआप हलवणारा नियम) लावून फाईल ग्लेशियरमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वस्त पण संथ साठवणीत, ढकलल्या असतील, तर (इन्स्टंट रिट्रीव्हल हा प्रकार सोडून) डुप्लिकाटीला त्या थेट वाचता येत नाहीत, आधी रिस्टोअरची विनंती टाकावी लागते. फ्लेक्झिबल रिट्रीव्हलला साधारण ३ ते ५ तास, डीप आर्काइव्हला १२ तासांपर्यंत, आणि डीप आर्काइव्हचाच स्वस्तातला बल्क पर्याय घेतला तर ४८ तासांपर्यंत. ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं असेल तर हा परिच्छेद विसरा.

पासफ्रेज हाती आला की कुठल्याही धड मशीनवर नवीन डुप्लिकाटी टाका. नवा जॉब बनवू नका. रिस्टोअरमध्ये बॅकअप फाईलींवरून थेट रिस्टोअर करण्याचा पर्याय आहे, तो घ्या, बकेट, फोल्डर आणि पासफ्रेज द्या. तो डीलिस्ट आणि डीइंडेक्स उतरवून तात्पुरता डेटाबेस बांधतो. यात वेळ जातो, बार हलत नाही म्हणून बंद करू नका. एखादी डीइंडेक्स गहाळ असेल तर तो डीब्लॉक उतरवून त्यातून माहिती काढत बसतो, मग रात्र जाऊ शकते. यादी उघडली की आधी फक्त टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या जागी काढा, टॅलीत उघडून शेवटचं व्हाउचर बघा. ड्रॉइंग नंतर. यादीच उघडली नाही, तर डुप्लिकाटीसोबत रिकव्हरी टूल येतं. ते फाईल उतरवून, इंडेक्स करून, डेटाबेसशिवाय रिस्टोअर करतं. किचकट आहे, पण चालतं.

तुम्ही २ टीबी लिहिलंय. १०० एमबीपीएसची लाइन अखंड मिळाली तरी ते उतरायला जवळजवळ दोन दिवस, आणि या दिवसांत झाड पडलं की वीज आणि फायबर एकदमच जातात. शिवाय बाहेर काढलेल्या डेटाचे ॲमेझॉन जीबीवर पैसे घेतं, महिन्याला पहिले १०० जीबी सोडून. मी असतो तर मुंबई रीजनमध्येच ॲमेझॉनच्या ईसी-टू सेवेतून भाड्याने विंडोज मशीन घेतलं असतं, रिस्टोअर तिथे केलं असतं (त्याच रीजनमध्ये एस-थ्रीपासून ईसी-टूपर्यंत डेटा हलवायला पैसे पडत नाहीत) आणि लागेल तेवढंच कुंडईला उतरवलं असतं. कारखान्याला टॅली तिथूनच दोन दिवस चालवता येते, हा वेगळा फायदा.

आणि ॲमेझॉनच्या खात्याला जोडलेलं कार्ड कुणाचं आहे ते बघा. ते त्या मुलाचं असेल तर आजच बदला, बिल थकून खातं गोठलं तर वरचं सगळं अडेल. नवा बॅकअप चालू करताना वेगळं बकेट घ्या. जुनं तसंच राहू दे, निदान या वर्षाचं ऑडिट होईपर्यंत.