ठिगळ, पॅच आणि शेजारच्या ओळी

फोंड्याहून प्रश्न आला आहे: प्रोग्रॅममधल्या बदललेल्या ओळींची फाइल तपासायला पाठवतात त्या 'पॅच'ला 'ठिगळ' म्हणावे का? आणि 'युनिफाइड' पॅच म्हणजे 'एकसंध' का?

ठिगळ चपखल आहे. पूर्वी प्रोग्रॅम कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. चूक सुधारताना भोकावर खरोखरच तुकडा चिकटवत. रफू त्याच कापडात धागे भरून करतात, ठिगळ वेगळे कापून आणतात. पॅचही मूळ फाइलीपासून वेगळाच हातोहात फिरतो. फाटक्या आभाळाच्या म्हणीमुळे शब्दाला हीन छटा आली, पण वाकळ अंगावर घेऊन वाढलेल्यांना ठिगळाची लाज कशाला?

'एकसंध' मात्र चुकीचे. एकसंध म्हणजे ज्यात सांधा नाही ते, आणि इथे तर सांधाच दाखवायचा आहे. जुन्या 'कॉन्टेक्स्ट' पद्धतीत आधीच्या ओळींचा गठ्ठा वर आणि नव्यांचा खाली येई, दोन्हींत डोळा वरखाली करावा लागे. १९९० च्या सुमारास आलेल्या युनिफाइड पद्धतीत उणे चिन्हाच्या (काढलेल्या) आणि अधिक चिन्हाच्या (घातलेल्या) ओळी एकमेकींत मिसळल्या. म्हणून 'एकत्रित'. तपासणाऱ्यांची पसंती बहुधा हिलाच, आणि ती योग्य आहे. फक्त सबंध परिच्छेद नव्याने लिहिला असेल तर जुने गठ्ठेच सलग वाचता येतात.

'कॉन्टेक्स्ट'ला, म्हणजे बदलाच्या वर-खाली दिलेल्या न बदललेल्या ओळींना, कोशातला 'संदर्भ' नको. ग्रंथसूचीची आठवण येते. 'शेजारच्या ओळी' म्हणा, कारण काम शेजाराचेच आहे. समजा फेरीबोटीच्या फाइलीत उणे चिन्हाची ओळ 'प्रवासी = ४०', तिच्याखाली अधिक चिन्हाच्या दोन: 'प्रवासी = ५०' आणि 'दुचाकी = १०'. वर तीन, खाली तीन ओळी जशाच्या तशा. शीर्षओळ सांगते '−१२,७ +१२,८': जुन्या फाइलीत बाराव्या ओळीपासून सात, नव्यात आठ. हाताने एखादी ओळ उडवून हा आकडा तसाच ठेवला, की पॅच मोडतो. फाइल वरच्या बाजूने वाढली असली तरी हा शेजार शोधून पॅच जागेवर बसतो. नुसते ओळीचे क्रमांक देणाऱ्या साध्या पद्धतीच्या पॅचमध्ये शेजारच नसतो. त्यामुळे निव्वळ नव्या ओळी भलत्या जागी घुसतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

क्रियापदे आपल्याकडे तयारच आहेत. माणूस पॅच 'लावतो', पॅच 'बसतो'. 'पॅच मारला' हे खड्ड्यात डांबर ओतल्यासारखे वाटते; बसला की नाही ते त्यातून कळत नाही. न बसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पॅच ईमेलच्या मजकुरात चिकटवणे: टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात, शेजार जुळत नाही. फाइल जोडून पाठवा. आणि लावलेला पॅच उलटा फिरवून काढण्याला 'रिव्हर्ट'ऐवजी 'उसवणे' म्हणून पाहा.