फक्त किडे बघत आयुष्य काढलेला कोणी माणूस खरंच होऊन गेला का? त्यातून निघालं काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा आठ वर्षांचा मुलगा तासन्‌तास मुंग्यांच्या रांगेपाशी बसतो आणि घरातली मोठी माणसं 'याला वेड लागलंय' म्हणतात. त्यांना एका फ्रेंच शाळामास्तराची गोष्ट सांगा. त्याचं नाव झाँ-आंरी फाब्र. जन्म 1823 चा, मृत्यू 1915 चा. एक्क्याण्णव वर्षं जगला आणि त्यातली निम्म्याहून जास्त किड्यांच्या बिळांशेजारी उकिडवा बसून काढली.

पण मी सुरुवात आमच्या माजघरातून करतो. दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशी मातीचं घर बांधायची. आजी म्हणायची, ती अळी आणून आत कोंडते, तिच्या कानाशी गुणगुणते आणि ध्यान लागून अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनात भृंगकीटकाचा दाखला ऐकलेला, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. एकदा चुना काढताना ते घर खाली पडून फुटलं. आतून निघाले कोळी, चांगले आठ-दहा! सगळे मेलेले वाटले म्हणून हिराच्या काडीनं एकाला डिवचलं, तर त्यानं पाय हलवला. परत डिवचलं, परत हलवला. पण पळून काही गेला नाही. ना जिवंत, ना मेलेला. हे काय आहे ते मला पुढे वीस वर्षांनी फाब्र वाचताना कळलं.

1854 च्या हिवाळ्यात एकतीस वर्षांच्या फाब्रच्या हाती लेओं द्युफूर या नामांकित कीटकतज्ज्ञाचा एक लेख पडला. एक शिकारी गांधीलमाशी भुंगेरे पकडून जमिनीतल्या बिळात साठवते आणि ते कित्येक दिवस सडत नाहीत. द्युफूरचा निष्कर्ष असा की माशी त्यांना मारते आणि डंखातून न सडण्याचं औषध भरते, म्हणजे लोणच्यासारखं. फाब्रनं त्याच कुळातली एक माशी शोधली, ही सोंडकिडे साठवणारी, आणि तिची बिळं उकरली. किडे ताजे तर होतेच, पण काहींच्या पोटातून अजून विष्ठा बाहेर येत होती. मेलेलं जनावर शौचाला जात नाही. विजेच्या घटाच्या तारा लावल्यावर पाय आखडले. म्हणजे किडे मेलेले नव्हते, लुळे पडले होते.

मग माशी डंख मारते कुठे, हे बघायचं. त्यानं जिवंत सोंडकिडे पकडून बिळाच्या तोंडाशी ठेवले. माशीनं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी डोकं चाललं. माशी स्वतःची शिकार घेऊन परतली की चिमट्यानं ती हळूच काढायची आणि त्याच जागी जिवंत किडा सरकवायचा. माशी हबकली, आपली शिकार जिवंत झाली असं वाटून तिच्यावर स्वार झाली आणि पहिल्या व दुसऱ्या पायांच्या जोडीमधल्या सांध्यात डंख मारला. किडा जागच्या जागी थंड. तो सांधाच का? सोंडकिड्यांच्या छातीतल्या मज्जातंतूंच्या गाठी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात, म्हणून एकाच डंखात सगळे पाय बंद. खात्री करायला त्यानं धातूच्या टोकदार निबावर अमोनियाचा थेंब घेऊन त्याच जागी टोचला. किडा तसाच लुळा पडला. माशीच्या पिल्लाला ताजं अन्न हवं, पण हातपाय झाडणारं अन्न त्याला चिरडून टाकेल. त्यावर हा इलाज.

आमच्या चौकटीवरचे कोळीही तसेच. आजीचा दाखला भक्तीपुरता खरा असेल, पण अळीची कुंभारीण होत नाही. कोंडलेली शिकार खाऊन कुंभारणीचं पिल्लू मोठं होतं आणि तेच उडतं.

आता त्याच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. घरी गरिबी. शिष्यवृत्तीवर शिकला, कार्पांत्रा, कॉर्सिका, आव्हिन्यों इथे शिकवलं. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढायची पद्धत बसवून चार पैसे मिळवायला निघाला, तर 1868 साली जर्मन रसायनतज्ज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत बनवला आणि धंदाच बसला. संध्याकाळच्या वर्गात मुलींना फुलांचं परागीभवन शिकवलं म्हणून गावातले सोवळे लोक खवळले आणि घरमालकिणींनी जागा खाली करायला लावली. तेव्हा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले. पुढे शालेय पुस्तकं लिहून पोट भरलं. 1877 मध्ये सोबत किडे शोधत फिरणारा त्याचा मुलगा ज्यूल गेला. फाब्रनं तीन नव्या गांधीलमाश्यांना ज्यूलचं नाव दिलं. मला त्याच्या सगळ्या चरित्रात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

1879 मध्ये पंचावन्नाव्या वर्षी त्यानं सेरिन्यां गावाजवळ साधारण हेक्टरभर दगडगोट्यांची, काट्याकुट्यांची पडीक जमीन घेतली. अशा जमिनीला तिकडच्या बोलीत 'आर्मास' म्हणतात, तेच घराचं नाव. पीक येत नाही म्हणून ती स्वस्त आणि पीक नाही म्हणूनच किड्यांचं माहेर. त्याच वर्षी कीटकांवरच्या आठवणींचा पहिला खंड निघाला, 1907 पर्यंत दहा झाले.

'त्यातून निघालं काय' असं तुम्ही विचारलंय, त्यासाठी मे महिन्यातली एक रात्र सांगतो. सकाळी त्याच्या टेबलावर युरोपातल्या सर्वांत मोठ्या पतंगाची एक मादी कोषातून निघाली, त्यानं ती जाळीच्या झाकणाखाली ठेवली. रात्री नऊच्या सुमारास त्याचा धाकटा मुलगा पॉल अर्धवट कपड्यांत ओरडत आला: या, बघा, पाखरांएवढे पतंग आलेत! मेणबत्ती घेऊन गेले तर जाळीभोवती नरांचा थवा, इतर खोल्यांतले धरून चाळीसेक. आठ रात्रींत दीडशे नर आले. त्यानं मादीची जागा बदलून बघितली, तरी ते आलेच. काचेच्या घट्ट बंद भांड्यात ठेवली तर एकही आला नाही. दुसऱ्या एका जातीत गंमतच झाली. मादी काचेखाली समोर दिसतेय, तिला सोडून नर ती आदल्या रात्री जिथे बसली होती त्या रिकाम्या जागेवर जाऊन घोटाळले. म्हणजे दिसण्याचा प्रश्नच नाही, वास! माणसाच्या नाकाला न कळणारा.

रेशमाच्या पतंगातला हा गंध रसायन म्हणून वेगळा काढायला 1959 उजाडलं. आणि आज विदर्भात कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी जे कामगंध सापळे टांगतात, त्यात काय असतं? मादीच्या गंधाची गोळी. नर येतो, मादी नसते, अडकतो. फाब्रला शेतीचा फायदा डोक्यातही नव्हता, तो फक्त विचारत होता की हे येतात कसे. घरच्यांना सांगायला हे उदाहरण पुरेल.

तो चुकलाही. रातकिडे पकडणारी एक गांधीलमाशी शिकार बिळाच्या दाराशी ठेवते, आत जाऊन पाहणी करते, मग शिकार ओढून नेते. ती आत असताना फाब्रनं रातकिडा चार बोटं लांब सरकवला. माशी बाहेर आली, रातकिडा परत दाराशी आणला आणि पुन्हा आत पाहणीला गेली. हा खेळ चाळीस वेळा, माशी एकदाही शहाणी झाली नाही. किड्याला अक्कल नसते, नुसती ठरलेली चाकोरी असते, हे सांगायला सगळे ही गोष्ट वापरतात. पुढचं मात्र गाळतात. दुसऱ्या एका वस्तीत त्यानं तेच केलं, तर तिथल्या माश्यांनी दोन-तीनदा फसून नंतर रातकिडा थेट आत नेला. हे त्यानंच लिहून ठेवलंय! स्वतःच्या मताविरुद्धचं दिसलं तरी लपवलं नाही. मत मात्र बदललं नाही. उपजत वृत्ती अचूक आणि अचल असते या हट्टापायी उत्क्रांती त्यानं कधीच मानली नाही. 1898 मध्ये अमेरिकेतल्या पेकहॅम दांपत्यानं दाखवलं की अळीला डंख मारणाऱ्या माश्यांच्या पद्धतीत माशीगणिक फरक पडतो. तरी डार्विननं त्याला 'अतुलनीय निरीक्षक' म्हटलं होतं, आणि दोघांचा पत्रव्यवहार शेवटपर्यंत गोडीचा.

आता वेडाबद्दल. फाब्र एकदा भल्या पहाटेपासून दगडावर बसून एका बिळाकडे बघत होता. द्राक्षं खुडायला निघालेल्या तीन बाया शेजारून गेल्या, त्यांना त्यानं रामराम केला. संध्याकाळी डोक्यावर टोपल्या घेऊन परतल्या तर हा तिथेच, त्याच दगडावर. त्यातली एक कपाळाला हात लावून पुटपुटली, "बिचारा, डोक्यानं अधू आहे!" आणि तिघींनी छातीवर क्रूस काढला.

मुलाला उन्हाची टोपी द्या आणि एक वही.